हृदयातील वीज आणि तिला सांभाळणारी यंत्रे

चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझी आई स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कोसळली. वय वर्षे एकोणसत्तर. अर्ध्या मिनिटात ती शुद्धीवर आली आणि पदर सावरत म्हणाली, "काही नाही रे, डोळ्यांपुढे अंधारी आली." महिन्याभरातील ही तिसरी वेळ होती. पहिल्या वेळी आम्ही उन्हाला दोष दिला. दुसऱ्या वेळी रिकाम्या पोटाला दिला आणि एका डॉक्टरांनी लिहून दिलेले शक्तीचे औषध आणले. शेजारच्या एक काकू "बाहेरचं काही असेल, लिंबू उतरवून टाका" असेही सांगून गेल्या. तिसऱ्या वेळी मात्र एका तरुण डॉक्टरांनी आईचे मनगट धरून घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. ठोके भरले चौतीस.

ई.सी.जी. काढल्यावर ते म्हणाले, "आजी, तुमच्या हृदयाचा पंप उत्तम आहे. बिघडलंय ते वायरिंग. पेसमेकर बसवावा लागेल."

आईने तिथेच मान हलवली. "मला यंत्रावर जगायचं नाही," ती म्हणाली. त्यानंतर दोन रात्री आमच्या घरात कोणी नीट झोपले नाही.

मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. परंतु त्या दोन दिवसांत आणि पुढे वर्षभर मी या विषयावर मिळेल ते वाचले आणि डॉक्टरांना भंडावून सोडले. त्यातून जे समजले ते सर्वसामान्य वाचकांसाठी, विशेषतः आपल्या विद्यार्थ्यांसाठी, येथे सोप्या भाषेत मांडत आहे.

हृदयातील वीज

हृदय म्हणजे चार कप्प्यांचा पंप, हे आपण शाळेत शिकलो. वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंदे आणि खालचे दोन म्हणजे निलये. मिनिटाला बहात्तर ठोके धरले तर दिवसाकाठी एक लाखाहून अधिक ठोके होतात. हा पंप कोणाच्या हुकमाने चालतो, याचा मात्र आपण फारसा विचार करीत नाही.

हा हुकूम विजेचा असतो. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. इंग्लंडमधील आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा पुंजका स्वतःहून दर मिनिटाला साधारण साठ ते शंभर वेळा विजेचा अतिसूक्ष्म इशारा देतो. इशारा वरच्या कप्प्यांत पसरला की ते आकुंचन पावतात आणि रक्त खाली ढकलतात. मग तो दोन्ही मजल्यांच्या मधल्या एका चौकीवर पोहोचतो. सुनाओ तवारा या जपानी शास्त्रज्ञाने १९०६ साली ही चौकी दाखवून दिली. येथे इशारा सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाइतका थांबतो. हा थांबा फार मोलाचा आहे, कारण तेवढ्या वेळात खालचे कप्पे रक्ताने पूर्ण भरतात. नंतर इशारा तारांसारख्या तंतूंतून वेगाने खाली जातो, निलये जोराने आकुंचन पावतात आणि आपल्या मनगटाला ठोका लागतो.

ई.सी.जी.च्या कागदावर उमटते ती या विजेचीच नोंद होय. हॉलंडमधील विल्यम आइंटहोवन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही नोंद घेणारे यंत्र घडविले व त्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

बिघाड दोन प्रकारचे

पुष्कळांचा येथे एक गोंधळ होतो. हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी वाहिनी तुंबणे. तो नळाचा बिघाड झाला. तालाचा विकार हा विजेचा बिघाड आहे. नळ ठीक असूनही वीज बिघडू शकते, तर कधी नळ तुंबल्यामुळेच वीजही बिघडते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

विजेच्या बिघाडातही दोन मुख्य तऱ्हा आहेत. पहिली म्हणजे ठोके फार मंद पडणे. वरचा पुंजका वयोमानाने थकतो किंवा मधल्या चौकीवर इशारा अडतो. चौकी पूर्ण बंद झाली तर खालचे कप्पे स्वतःच्या जोरावर मिनिटाला तीस-चाळीस ठोके कसेबसे देत राहतात. माझ्या आईचे नेमके हेच झाले होते. वरचे कप्पे नेमाने चालत होते आणि खालच्यांना त्याची वार्ताही नव्हती. एखादी वेळ अशी येते की काही सेकंद खालचा ठोकाच पडत नाही. मेंदूला रक्त पोहोचत नाही आणि माणूस कोसळतो. त्यात ऊन, उपास किंवा बाहेरचे काही नसते.

दुसरी तऱ्हा म्हणजे ठोके फार वेगाने किंवा बेतालपणे पडणे. वरच्या कप्प्यांत अशी बेताल थरथर सुरू झाली तर धडधड होते आणि तेथे रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. ही थरथर खालच्या कप्प्यांत सुरू झाली तर मात्र प्रसंग मिनिटांचा असतो. स्नायूचा प्रत्येक तंतू आपापल्या परीने थरथरतो, रक्त पुढे सरकत नाही आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो.

पेसमेकरचा जन्म

मंद हृदयाला बाहेरून विजेचा इशारा द्यावा, ही कल्पना जुनी. अमेरिकेत डॉ. पॉल झोल यांनी १९५२ साली छातीच्या कातडीवरून इशारे देऊन रुग्ण जगविले, पण त्यात वेदना फार होत. पुढे हृदयाला थेट तार जोडण्याची पद्धत आली. मात्र यंत्र भिंतीतील विजेवर चालत असल्याने रुग्ण तारेच्या लांबीएवढाच फिरू शकत असे. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी मिनियापोलिस शहरात वीज गेली आणि अशा यंत्रांवर असलेल्या बालरुग्णांचे प्राण धोक्यात आले. तेथील शल्यचिकित्सक लिलेहाय यांनी अर्ल बाकेन या तंत्रज्ञाकडे बॅटरीवर चालणारे यंत्र मागितले. बाकेन गॅरेजमध्ये दुरुस्तीचे काम करीत. संगीताचा ताल मोजणाऱ्या यंत्राचा आराखडा त्यांनी एका मासिकात पाहिला होता. त्यातच फेरफार करून त्यांनी काही आठवड्यांत गळ्यात अडकविता येईल असा पेसमेकर तयार केला. हृदयाचा ताल सांभाळणाऱ्या यंत्राचे मूळ संगीताच्या तालात निघाले, हे मला फार आवडले.

शरीराच्या आत बसविलेला पहिला पेसमेकर मात्र स्वीडनमधला. स्टॉकहोम येथे अर्ने लार्सन नावाचा त्रेचाळीस वर्षांचा गृहस्थ रुग्णालयात होता. दिवसातून वीस-तीस वेळा त्याची शुद्ध हरपत असे. त्याच्या पत्नीने शल्यचिकित्सक सेनिंग व अभियंता एल्मक्विस्ट यांच्याकडे यंत्रासाठी धरणेच धरले. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी ते यंत्र बसविण्यात आले. त्याचे सर्व भाग राळेसारख्या रसायनात ओतून बसविले होते आणि त्यासाठी साचा म्हणून बूटपॉलिशची डबी वापरली होती. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले आणि दुसरे बसवावे लागले. लार्सन मात्र जगला. पुढे आयुष्यात त्याला दोन डझनांहून अधिक पेसमेकर बदलून घ्यावे लागले. २००१ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, तो वारला. तोवर सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही जग सोडून गेले होते. रुग्ण आपल्या डॉक्टर व अभियंता दोघांच्याही मागे राहिला.

ही गोष्ट मी आईला सांगितली. "बूटपॉलिशच्या डबीवर तो त्रेचाळीस वर्षं काढतो?" एवढेच ती म्हणाली. पण तिचा चेहरा थोडा सैल झाला होता.

पेसमेकर काम कसे करतो

आजचा पेसमेकर साधारण वीस ते तीस ग्रॅम वजनाची चपटी डबी असते. तिच्यात लिथियमची बॅटरी व संगणकासारखे सूक्ष्म मंडल असते. गळपट्टीच्या हाडाखाली, बहुधा डाव्या बाजूस, जागा बधिर करून कातडीखाली ही डबी ठेवतात. तिच्या एक किंवा दोन बारीक तारा शिरेतून हृदयापर्यंत नेतात. छाती उघडावी लागत नाही. साधारण तासाभराचे काम असते.

"मी यंत्रावर जगणार" ही आईची भीती येथेच दूर झाली. पेसमेकर हृदयाच्या वतीने रक्त ढकलत नाही. ते काम हृदयाचा स्नायूच करतो. डबी फक्त हरवलेला इशारा पुरविते, आणि तोही हवा असेल तेव्हाच. आमच्या बँकेत जनरेटर आहे. वीज चालू असते तोवर तो गप्प असतो आणि वीज गेली की सुरू होतो. पेसमेकरचेही तसेच आहे. तीच तार हृदयाची स्वतःची वीज सतत ऐकत असते. ठरलेल्या वेळात नैसर्गिक ठोका पडला तर यंत्र काही करीत नाही. पडला नाही तर काही व्होल्टचा इशारा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ देते. रुग्णाला तो जाणवतही नाही. दोन तारांचे यंत्र वरच्या कप्प्याचा ठोका ऐकून, मधल्या चौकीसारखाच योग्य थांबा घेऊन, खालच्या कप्प्याला इशारा देते. जिना चढताना ठोके वाढविण्याची सोयही असते.

बॅटरी सामान्यतः आठ ते बारा वर्षे टिकते. ती अचानक संपत नाही. तपासणीत बरेच आधी कळते व डबी बदलता येते. अलीकडे तारेशिवायचा, औषधाच्या मोठ्या कॅप्सूलएवढा पेसमेकरही निघाला आहे. मांडीच्या शिरेतून नेऊन तो थेट हृदयातच बसवितात. अमेरिकेत अशा यंत्राला २०१६ साली मान्यता मिळाली. मात्र तो प्रत्येक रुग्णास योग्य असतोच असे नाही.

धक्का देणारे यंत्र

खालच्या कप्प्यांतील थरथर थांबविण्यासाठी इशारा पुरत नाही, मोठा धक्का लागतो. समजा, शिक्षक नसताना वर्गात साठ मुले एकाच वेळी ओरडत आहेत. एखाद्याने "गप्प बसा" म्हटले तर कोणाला ऐकू जात नाही. मग शिक्षक येऊन टेबलावर जोराने डस्टर आपटतात. सगळे एका क्षणी गप्प होतात आणि मग मॉनिटर पुन्हा कामाला सुरुवात करतो. विजेचा धक्का हे डस्टर आहे. सगळ्या पेशींची वीज तो एकाच क्षणी रिकामी करतो आणि वरच्या पुंजक्याला पुन्हा ताबा घेण्याची संधी मिळते. म्हणूनच पूर्ण निश्चल हृदयाला धक्का देऊन उपयोग नसतो. कागदावर सरळ रेघ आली की डॉक्टर धक्का देतात हे चित्रपटातले दृश्य चुकीचे आहे. तेथे छाती दाबणे व औषधे हाच उपाय असतो.

कुत्र्यांवर असे प्रयोग जिनिव्हात १८९९ सालीच झाले होते. माणसाच्या बाबतीत पहिले यश १९४७ साली क्लीव्हलँड येथे डॉ. क्लॉड बेक यांना मिळाले. शस्त्रक्रिया चालू असताना चौदा वर्षांच्या मुलाच्या हृदयाला त्यांनी थेट धक्का दिला आणि तो मुलगा वाचला. छाती न उघडता धक्का देण्याचे यश डॉ. झोल यांनी १९५६ साली मिळविले, तर १९६५ साली बेलफास्टमध्ये डॉ. पँट्रिज यांनी हे यंत्र रुग्णवाहिकेत नेले. आता विमानतळासारख्या काही सार्वजनिक ठिकाणी भिंतीवर टांगलेले छोटे यंत्र दिसते. ते उघडले की बोलून सूचना देते. छातीवर दोन चिकटपट्ट्या लावल्या की हृदयाचा ताल स्वतः तपासते आणि गरज असेल तरच धक्का देण्यास सांगते. शिकलेला डॉक्टरच पाहिजे असे नाही.

हेच यंत्र शरीरात बसविण्याची कल्पना डॉ. मिशेल मिरोव्हस्की यांची. पोलंडमध्ये जन्मलेल्या या माणसाने दुसऱ्या महायुद्धात आपले कुटुंब गमावले होते. १९६६ साली इस्रायलमध्ये त्यांचे ज्येष्ठ सहकारी व गुरू डॉ. हेलर अशाच तालविकाराने गेले. रुग्ण कायम रुग्णालयात राहू शकत नाही, तर मग यंत्रानेच रुग्णाबरोबर राहावे, असे त्यांनी मनावर घेतले. अनेक तज्ज्ञांनी ही कल्पना अव्यवहार्य ठरविली. चौदा वर्षांनी, फेब्रुवारी १९८० मध्ये, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात असे पहिले यंत्र माणसाच्या शरीरात बसविले गेले.

हे यंत्र ताल सतत पाहते. ठोके धोकादायक वेगाने जाऊ लागले तर बहुधा आधी वेगवान लहान इशारे देऊन ते ताल मोडण्याचा प्रयत्न करते. ते साधले नाही तर सुमारे तीस-चाळीस ज्यूलपर्यंतचा धक्का देते. धक्का जाणवतो, छातीत लाथ बसल्यासारखे वाटते असे रुग्ण सांगतात. पण त्याच धक्क्याने प्राण वाचतात.

याखेरीज तिसरे एक यंत्र आहे. काही रुग्णांचे हृदय अशक्त झालेले असते आणि डावी-उजवी बाजू एकाच वेळी आकुंचन पावत नाही. त्यांना दोन्ही बाजूंना एकदम इशारा देणारा पेसमेकर बसवितात. आणि काही वेगवान तालविकारांत यंत्र बसवावेच लागत नाही. शिरेतून तार नेऊन बिघाडाची नेमकी जागा उष्णतेने निकामी करतात.

यंत्र बसविल्यानंतर

आईचा पेसमेकर बसविला त्याला आता चार वर्षे होतील. सुरुवातीचे काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, एवढेच कडक पथ्य होते. मिक्सर, टी.व्ही., इस्त्री यांचा त्रास होत नाही. मोबाईल मात्र सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये. यंत्रापासून किमान पंधरा सेंटिमीटर दूर व विरुद्ध बाजूच्या कानाला धरावा. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट अंतर ठेवावे. वेल्डिंगचे काम व मोठी लोहचुंबके टाळावीत. एम.आर.आय.पूर्वी यंत्र असल्याचे आवर्जून सांगावे. आजची बरीच यंत्रे त्यास चालतात, पण आधी तशी योजना करावी लागते. यंत्राचे ओळखपत्र नेहमी जवळ असावे आणि तपासणीची तारीख चुकवू नये.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री आईने मला जो प्रश्न विचारला, तो इतरांच्याही मनात असेल. ती म्हणाली, "वेळ आली की हे यंत्र मला जाऊ देईल ना? का नुसतंच आत वाजत राहील?" मला उत्तर देता आले नाही. सकाळी डॉक्टरांना विचारले. ते तिच्या खाटेवर बसले आणि म्हणाले, "आजी, ही डबी फक्त हाक मारते. हाकेला ओ देणारा स्नायू दमला, की हाक मारूनही काही होत नाही. ही कोणाला अडवून ठेवत नाही." धक्का देणाऱ्या यंत्राबाबतही, रुग्ण अखेरच्या आजारात असेल तर, त्याच्या इच्छेने धक्क्याची सोय बंद करता येते. आईने संमतीच्या कागदावर स्वतः सही केली.

ओघाने एक गोष्ट सांगणे भाग आहे. दहनापूर्वी पेसमेकर काढून घ्यावा लागतो, कारण उष्णतेने बॅटरीचा स्फोट होतो. घरच्यांनी हे डॉक्टरांना वेळीच सांगावे. अशा काढलेल्या यंत्रांची दुसरी कहाणीही आहे. अमेरिकेत मृतांच्या नातेवाइकांनी दान केलेले पेसमेकर निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात त्रेपन्न गरीब रुग्णांना बसविल्याचा अहवाल २०११ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसाच्या छातीतले यंत्र साता समुद्रापार दुसऱ्या अनोळखी माणसाच्या छातीत चालू लागले. मात्र खर्चाच्या धास्तीने उपचार टाळणाऱ्यांनी आधी हे जाणून घ्यावे की महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर बसविण्याचा समावेश आहे. संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड घेऊन चौकशी करावी.

आपण काय करावे

माझ्या आईचे निदान कोणत्याही महागड्या तपासणीने झाले नाही. मनगटावर दोन बोटे आणि समोर घड्याळ, एवढ्याने झाले. म्हणून विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आजच घरातील वडीलधाऱ्यांची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. ठोके पन्नासच्या खाली असतील, विश्रांतीतही शंभरच्या वर जात असतील किंवा बेताल लागत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. काहींचे ठोके स्वभावतः किंवा औषधाने मंद असतात, त्यामुळे घाबरून जाऊ नये. परंतु कोणी अचानक शुद्ध हरपून कोसळत असेल, तर अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका आणि ई.सी.जी. काढल्याशिवाय घरी परतू नका. एका ई.सी.जी.त सापडले नाही तर चोवीस तासांची नोंद घेणारे यंत्र लावतात.

आणि कोणी कोसळून हाकेला ओ देत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर १०८ क्रमांक फिरवा व छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे दोन इंच खोल दाबत राहा. थरथरणाऱ्या हृदयाला धक्का मिळेपर्यंत, काही न केल्यास, प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. आपल्या सभागृहात वर्षातून एक दिवस हे दाबणे शिकविण्याचा वर्ग घेता येईल. त्यासाठी एक पुतळा व एक प्रशिक्षक पुरे.

परवा आई आमच्या इमारतीचे तीन जिने चढून आली आणि दाराशी जरा थांबली. मी सवयीने तिचे मनगट धरले. "मोज, मोज," ती म्हणाली, "बँकेत दिवसभर दुसऱ्यांचं मोजतोस, घरी माझं." ठोके भरले चौऱ्याऐंशी.